एकसष्ट रुपयांचं पाकीट

पाकिटात एकसष्ट रुपये होते. साठ व्याजाचे आणि वरचा एक शकुनाचा, शाळेनं पदरचा घातलेला.

गेल्या जानेवारीत कोकणातल्या एका शाळेच्या स्नेहसंमेलनाला पाहुणा म्हणून गेलो होतो. नारळ फुटला, स्वागतगीत झालं, मग बक्षिसं. सर माइकवर यादी वाचत होते. कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ, आठवीत गणितात पहिला. कैलासवासी तमुक यांच्या स्मरणार्थ, शुद्धलेखन. आणि मग, 'होतकरू गरीब विद्यार्थिनी'. नववीतली एक मुलगी उठली. घट्ट दोन वेण्या, पायात भावाच्या असाव्यात अशा मापानं मोठ्या चपला. ती वर आली, मी पाकीट दिलं, फोटोग्राफरनं "इकडे बघा" म्हटलं, ती खाली बघतच उभी राहिली. आई-बाप, शेजारीपाजारी, वर्गातली मुलं, सगळं गाव मांडवात होतं. एकसष्ट रुपयांसाठी त्या पोरीला त्या सगळ्यांसमोर 'गरीब' म्हणून उभं राहावं लागलं.

नंतर ऑफिसात चहा झाला तेव्हा क्लार्कनं ठेवींचं रजिस्टर काढून दाखवलं. लाल कापडी बांधणी, कडा वाळवीनं खाल्लेल्या. ही ठेव १९७४ची. गावातल्या एका निवृत्त पोस्टमास्तरांनी मृत्युपत्रात शाळेला एक हजार रुपये लिहून ठेवले होते. मुद्दलाला हात न लावता व्याजातून दरवर्षी एका होतकरू गरीब मुलीला मदत करावी, अशी अट घालून. शाळेनं अट पन्नास वर्षं इमानानं पाळली. मुद्दलाला हात लावला नाही. हजाराचे सहा टक्क्यांनी साठ.

पोस्टमास्तरांना हसू नये. १९७४मध्ये हजार रुपयांत दीड तोळ्याहून जास्त सोनं येत होतं. पोस्टातल्या पगारावर ते साठवणं सोपं नव्हतं. माणूस दिलदार होता. फसवलं ते त्या चार शब्दांनी: मुद्दलाला हात न लावता. हा लेख त्या चार शब्दांबद्दल आहे, आणि आपल्या पश्चात कुणा अनोळखी पोराच्या शिक्षणासाठी काही ठेवून जावं असं ज्यांच्या मनात येतं, त्यांच्याबद्दल.

*

आमच्या पिढीपर्यंत शाळेत 'नादारी' हा शब्द होता. फुल नादारी, हाफ नादारी. ज्याच्या बापाकडं फी भरायला नाही, त्याला फी माफ. शब्द फारसी वळणाचा. कोर्टात दिवाळखोरालाही नादारच म्हणत. पुढे ईबीसीचे, म्हणजे आर्थिक मागासांच्या फी-सवलतीचे, फॉर्म आले आणि शब्द मागे पडला. त्याच्याही आधी माधुकरी होती, वार लावून जेवणं होतं: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्या वारांवर शिकून मोठ्या झालेल्यांच्या आठवणींनी मराठी आत्मचरित्रांची पानं भरलेली आहेत. मात्र वार लागायचे ते मुलग्यांना, आणि तेही बहुतेक एकाच जातीच्या. बाकीच्यांसाठी कुणीतरी घर बांधावं लागलं. कोल्हापुरात १९०१पासून शाहू महाराजांनी जातीजातींची वसतिगृहं उभी केली. पुण्यात १९०९मध्ये अनाथ विद्यार्थी गृह निघालं, आजचं पुणे विद्यार्थी गृह. साताऱ्यात भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगात पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने उतरवले. मंगळसूत्रही ठेवलं नाही.

आज चित्र वेगळं आहे, हे मान्य करायला हवं. शिक्षणहक्क कायद्यानं सहा ते चौदा वयापर्यंत शाळा फुकट आहे. महाराष्ट्रात मुलींना बारावीपर्यंत फी नाही. खेड्यातल्या मुलींना शाळेसाठी एसटीचा पास फुकट. मग अडतं कुठं? विचारलं तर शिक्षक भराभर सांगतात. दहावीनंतर गावात सायन्स नसतं. तालुक्याला जायचं तर खोली किंवा वसतिगृह, मेसचा डबा, सीईटीची पुस्तकं, फॉर्मचे पैसे, चष्मा. केंद्राची एनएमएमएस शिष्यवृत्ती आठवीत परीक्षा देऊन मिळते, नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. म्हणजे महिन्याला हजार. हजारात दोन वेळचा डबा येत नाही. शिवाय ती हुशारीवर मिळते. पंचावन्न टक्केवाल्या, पण शिकायची इच्छा असलेल्या मुलीला महिन्याचा डबा कोण देणार, हा प्रश्न सरकारी योजनांच्या फटीतून खाली पडतो. जुनी नादारी नेमकी तिथं होती. ती मार्क विचारत नसे.

*

मृत्युपत्र म्हटलं की आपल्याला शेतीची भांडणं आठवतात. पण मराठी मुलखातलं माझ्या मते सर्वांत अर्थपूर्ण मृत्युपत्र शिक्षणाबद्दलचं आहे. जोतीराव फुल्यांनी ते जुलै १८८७मध्ये पुण्यात नोंदवलं. वारस कोण, तर दत्तक मुलगा यशवंत. तो तेव्हा शाळकरी वयाचा होता. जोतीरावांनी सगळं त्याच्या नावे केलं आणि पुढं कलम घातलं: हा शिकला नाही, व्यसनी निघाला, बिघडला, तर मिळकत त्याची नाही. मग सत्यशोधक समाजाच्या सभासदांनी बहुमतानं माळी, कुणबी, धनगर वगैरे जातींतला एखादा लायक मुलगा निवडावा आणि त्याला वारस करावं. रक्ताचा तर वारस नव्हताच. दत्तकाचा हक्कही त्यांनी शिकण्याच्या अटीवर ठेवला. यशवंत डॉक्टर झाला. १८९७च्या प्लेगात सावित्रीबाई रोग्यांची सेवा करत होत्या, ती त्याच्या दवाखान्यात. ते पर्यायी कलम वापरायची वेळ आली नाही. पण कलम होतं. आजचे वकील जे पैसे घेऊन सांगतात, की पहिला लाभार्थी नसेल तर दुसरा कोण ते लिहा, ते जोतीरावांनी तेव्हाच लिहून ठेवलं होतं.

दुसरं मृत्युपत्र मुंबईचं. जमशेटजींचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा १९१८मध्ये इंग्लंडात गेले, वय ४७, मूलबाळ नाही. त्यांच्या मृत्युपत्रातून १९१९मध्ये सर रतन टाटा ट्रस्ट झाला. पैसा कशावर खर्चावा याची भाषा त्यांनी मुद्दाम मोकळी ठेवली: शिक्षण, विद्या, उद्योग यांची वाढ, माणसाच्या दुःखाचं निवारण. कुठल्या इयत्तेला, कुठल्या विषयाला, किती रुपये, काही नाही. म्हणून त्या पैशाला शंभर वर्षांत कधी 'आता याचं काय करायचं' असा प्रश्न पडला नाही. टाटांचा पैसा प्रचंड होता म्हणून टिकला, असं कुणी म्हणेल. अर्धं खरं. मोठा पैसाही घट्ट अटींनी बुडतो किंवा अडतो. सेसिल ऱ्होड्स १९०२मध्ये गेला आणि ऑक्सफर्डच्या शिष्यवृत्त्या ठेवून गेला, पण फक्त पुरुषांसाठी. माथेरानला जन्मलेले गिरीश कार्नाड त्याच शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले. पण मुलींना ती खुली व्हायला १९७७ उजाडलं, आणि तेही ब्रिटिश पार्लमेंटनं कायदा केल्यावर. मेलेल्या माणसाचा एक शब्द बदलायला पंचाहत्तर वर्षं.

नोबेलची गोष्ट उलटी. त्यानं १८९५मध्ये पॅरिसमध्ये वकिलाला न विचारता मृत्युपत्र लिहिलं, चार साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आणि मिळकतीचा मोठा हिस्सा बक्षिसांना देऊन टाकला. बक्षिसं ज्या संस्थांनी द्यायची, त्यांना त्यानं एका शब्दानं विचारलं नव्हतं. पैसा ज्या निधीत जायचा, तो निधी अस्तित्वातच नव्हता. पुढची काही वर्षं नातेवाईक, कोर्ट आणि संस्था यांच्या समजुती काढण्यात गेली. त्याच्या मृत्युपत्राचा सव्वीस वर्षांचा व्यवस्थापक सोलमन पॅरिसमधून रोखे हलवताना घोडागाडीत पिस्तूल घेऊन बसत असे. पहिली बक्षिसं निघाली १९०१मध्ये.

आणि एक एडिंबरोचा सोनार, जॉर्ज हेरियट. स्कॉटलंडच्या राजाराणीला दागिने घडवणारा आणि त्यांना कर्ज देणारा. १६२४मध्ये गेला तेव्हा सुमारे २३,००० पौंड गावातल्या बिनबापाच्या पोरांच्या शिक्षणासाठी ठेवून गेला. इमारत झाली, आणि पोरं यायच्या आधी क्रॉमवेलच्या सैन्यानं तिचं लष्करी इस्पितळ केलं. शाळा १६५९मध्ये भरली, तीस मुलांनिशी. आजही त्या शाळेत आई किंवा बाप गमावलेल्या मुलांना त्याच निधीतून फीशिवाय शिकवतात. साडेतीनशे वर्षं. त्याचं कारण मला हे दिसतं, की हेरियटनं मदतीचा आकडा नाही लिहिला. पोरगं कोणतं, ते लिहिलं.

*

आता घरातली गोष्ट. माझी मावशी सांगलीत असते. छत्तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाली. काका नाहीत, मूल नाही. एक दोन खोल्यांचा फ्लॅट, बँकेतल्या ठेवी, पेन्शन. मागच्या पावसाळ्यात फोन आला, "अरे, येऊन जा. मृत्युपत्र करायचंय. घाबरू नकोस, तब्येत चांगली आहे. चांगली आहे तोवरच करायचं असतं ना?"

गेलो तर डायनिंग टेबलावर दोनशेपानी वही उघडी. मसुदा तिनंच लिहिला होता, वळणदार अक्षरात, समास सोडून. फ्लॅट आणि ठेवी मिळून अर्धं भाचरांना, अर्धं तिच्या जुन्या शाळेला, मुलींच्या शिक्षणासाठी. मग अटी. मुलगी त्याच शाळेची असावी. मराठीत ऐंशीच्या वर गुण असावेत. वडील हयात नसावेत. सद्वर्तनी असावी. आणि शेवटी, लाल शाईनं अधोरेखित: मुद्दलास हात लावू नये.

मी तिला पोस्टमास्तरांचं पाकीट सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या नावानं उद्या कुणी एकसष्ट रुपये वाटेल म्हणतोस?"

"उद्या नाही. पन्नास वर्षांनी."

"तेव्हा मी नसेन रे. पण ती पोर असेल."

दुसऱ्या दिवशी वकीलबाईंकडं गेलो. त्यांनी पेन्सिल घेऊन तो मसुदा असा तपासला, की मावशीला आयुष्यात पहिल्यांदा कुणी निबंध तपासून दिला असेल. पहिली चूक: शाळेला मिळकत देता येत नाही, शाळा ही कायद्यानं कुणी नाही. देणगी चालवणाऱ्या संस्थेला द्यायची, संस्थेचं पूर्ण नाव आणि धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक घालून, आणि पुढं 'अमुक शाळेतील विद्यार्थिनींसाठी' असं लिहायचं. आपल्याकडं एकाच नावाच्या तीन-तीन शिक्षण संस्था असतात. मेलेल्या माणसाला विचारता येत नाही की तुम्हाला कुठली म्हणायची होती.

दुसरी चूक: फ्लॅट थेट संस्थेला देणं. विश्वस्त संस्थेच्या नावावर स्थावर मिळकत एकदा चढली, की विकायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, आणि दरम्यान फ्लॅटला कुलूप, सोसायटीचा मेंटेनन्स चालू. त्यापेक्षा मृत्युपत्राच्या व्यवस्थापकानं फ्लॅट विकावा आणि येईल ती रक्कम द्यावी, असं लिहा. तिसरी गोष्ट चूक नव्हे, गैरसमज. मावशी म्हणाली, ठेवींना मी भाच्याचं नॉमिनेशन केलंय. वकीलबाई हसल्या. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो पैसा हातात घेणारा, वारसाला पोचवणारा. सर्वोच्च न्यायालयानं १९८३मध्ये विमा पॉलिसीबद्दल हेच सांगितलं आणि २०२३मध्ये शेअर्सबद्दल पुन्हा. तरी दर दुसऱ्या घरात नॉमिनेशन केलं म्हणजे झालं असं मानतात आणि मग भावाभावांत बोलणं बंद होतं. त्या नॉमिनी भाच्याचा, म्हणजे माझ्या मामेभावाचा, चेहरा त्या दिवसापासून थोडा उतरलाय, हेही सांगून टाकतो.

बाकीचं सोपं निघालं. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, साधा कागद चालतो. नोंदणी सक्तीची नाही. पण केलेली बरी, निदान खरं-खोटं म्हणून भांडण कमी होतं. दोन साक्षीदार, दोघांनीही सही होताना पाहिलेले. मावशीनं शेजारचे काका आणि फॅमिली डॉक्टर घेतले. डॉक्टरांनी शुद्धीवर आणि समजून सही केल्याचं प्रमाणपत्रही दिलं. प्रत्येक पानावर सही करताना तिनं एका पानावरची ऱ्हस्व वेलांटी दीर्घ करायला लावली. ते पान पुन्हा छापलं.

सगळ्यांना हे इतकं मोकळं नाही. मावशी हिंदू कायद्यात बसते, स्वकष्टाची मिळकत कुणालाही देऊ शकते. मुस्लिम व्यक्तीला वसियतनं एक तृतीयांशापर्यंतच देता येतं, त्याहून जास्त द्यायचं तर वारसांची संमती हवी. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नियम: मूलबाळ असेल तर आपल्या वाट्यातला निम्मा भाग त्यांचाच, उरलेल्या निम्म्यावर आपली इच्छा. आणि ख्रिस्ती लोकांवर तर २००३पर्यंत विचित्र बंधन होतं. जवळचा नातेवाईक, अगदी पुतण्या-भाचासुद्धा असेल, तर धर्मादाय देणगीचं मृत्युपत्र मरणाच्या किमान वर्षभर आधी केलेलं असावं आणि सहा महिन्यांत अधिकृत ठिकाणी जमा केलेलं असावं. नाहीतर देणगी रद्द. म्हणजे मरायचं कधी हे आधी ठाऊक हवं. केरळच्या एका कॅथलिक धर्मगुरूंनी याविरुद्ध दाद मागितली आणि सर्वोच्च न्यायालयानं ते कलम काढून टाकलं.

*

राहिल्या अटी. मराठीतले ऐंशी गुण वकीलबाईंनी काढले नाहीत, मावशीनंच काढले. "ज्या मुलींना मदत लागायची, त्यांना माझ्या विषयात ऐंशी कधीच पडले नाहीत," म्हणाली. सद्वर्तनी कोण ठरवणार, म्हणून तेही गेलं. बिनबापाची हे तिला ठेवायचं होतं. मग तिलाच एक मुलगी आठवली, बाप हयात होता आणि दारूत होता. तेही गेलं. उरलं एवढंच: गरज असलेली मुलगी, दहावीनंतर, जेवण-राहणं-पुस्तकं यांसाठी.

जुन्या ठेवींमध्ये जातीची अट पुष्कळदा असते, 'ज्ञातीतील विद्यार्थ्यास'. ज्ञातीसंस्थांनी त्या काळात पोरं शिकवली हे खरं. पण आज नवं मृत्युपत्र करताना ती अट घालणाऱ्यांबद्दल मला आदर वाटत नाही, आणि शहाणपणही दिसत नाही. अट जितकी बारीक तितका पैसा पडून राहतो. हेतूच पुरा होण्याजोगा उरला नाही, तर महाराष्ट्राच्या विश्वस्त कायद्यात त्याच्या जवळच्या हेतूकडं पैसा वळवायची सोय आहे, पण ती कोर्टाची वाट. हजाराच्या ठेवीसाठी कोण जाणार?

शेवटी मुद्दल. यावर मावशी दोन रात्री वही घेऊन बसली. समजा शाळेला दहा लाख मिळाले. सात टक्क्यांनी वर्षाला ७०,०००. सगळं वाटलं तर महागाई मुद्दल खात जाते. सहा टक्क्यांची महागाई बारा वर्षांत रुपयाचे आठ आणे करते. महागाईइतकं व्याज परत मुद्दलात घातलं तर निधी टिकतो, पण हातात येतात जेमतेम दहा हजार. एका मुलीचीही वर्षाची सोय होत नाही. उलट दहा लाख पंधरा वर्षांत मुद्दल-व्याजासह खर्चून टाकायचे ठरवले, तर सुरुवातीपासून वर्षाला लाखाच्या वर मिळतात. दरवर्षी दोन मुली, कधी तीन. पंधरा वर्षांनी खातं बंद, फलक नाही, नाव नाही.

मला विचाराल तर दुसरंच बरोबर. मोठ्या विद्यापीठाला, टाटांसारख्या ट्रस्टला कायम निधी शोभतो. सांभाळायला माणसं असतात. गावच्या शाळेत पन्नास वर्षांत मुख्याध्यापक बदलतात, संस्थाचालकांची पिढी बदलते, रजिस्टरला वाळवी लागते. कायम ठेवीत कायम काय राहतं, तर नाव. हे बोलायला कडू आहे, कारण आपलं आडनाव मागं राहावं ही इच्छा कुणाला नसते? पण मग डब्याचे पैसे त्या इच्छेपोटी अडकवून ठेवू नयेत.

मावशीनं दुसरा रस्ता घेतला. आकडा न लिहिता 'उरलेल्या मिळकतीचा निम्मा हिस्सा' असं लिहिलं, म्हणजे फ्लॅटचा भाव वाढला तर मुलींचाही वाढेल. पंधरा वर्षांत संपवायचं. संस्था बंद पडली तर पैसा कुणाला, ते लिहिलं. आणि स्वतःच्या हातानं एक ओळ घातली: मदत मिळालेल्या मुलीचं नाव व्यासपीठावरून वाचू नये, फोटो काढू नये. वकीलबाई म्हणाल्या, ही अट पाळली नाही तर कोण बघणार? "बघणार कुणी नाही," मावशी म्हणाली, "पण वाचतील तरी."

सही झाल्यावर ती मला घेऊन शाळेत गेली आणि मुख्याध्यापिकाबाईंना सगळं सांगितलं. नोबेलनं जे केलं नाही, ते. बाई चकित झाल्या. मृत्युपत्रातून आलेली देणगी त्यांना आजवर नेहमी देणारा गेल्यावरच कळली होती. बोलता बोलता मावशीनं विचारलं, "यंदा अशी कोण आहे?" एक होती. जतकडची, अकरावीला, वसतिगृहात राहणारी, मेसचे पैसे दोन महिने थकलेले.

मावशी शुक्रवारी बँकेत गेली. माझ्या पश्चात हे लोक कसं चालवतील ते जिवंतपणी एकदा बघून घेते, म्हणाली. मृत्युपत्राची एक प्रत तिच्या कपाटात निळ्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये आहे. त्याच फोल्डरमध्ये वर मेसची पावती आहे, सहा महिन्यांची, १५,००० रुपयांची. देणाऱ्याच्या नावापुढं मावशीनं रेघ मारून घेतली आहे.